आजीची आठवण आणि यंत्राची नोंद

ताई,
मी जिओफिजिक्समध्ये पीएच.डी. करते आहे, तिसरं वर्ष चालू आहे. विषय आहे कोयना-वारणा भागातले छोटे भूकंप आणि जलाशयाची पाणीपातळी यांचा संबंध. माझी आजी मूळची कोयना खोऱ्यातली. तिचं गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेलं. फील्डवर्कला गेले तेव्हा मी पाटण आणि जावळी तालुक्यांतल्या तेवीस वयस्कर माणसांशी बोलले, मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, आणि आजीही तेच सांगते, की धरणाआधी जमीन कधी हलली नव्हती. मला वाटलं, हे केवढं मोलाचं आहे! पण गाइड म्हणाले, "हा डेटा नाही, गप्पा आहेत. थीसिसमध्ये दिसता कामा नयेत." मग समाजशास्त्राच्या एका मॅडमना भेटले. त्या म्हणाल्या, "तुझा प्रश्न काय तेच कळत नाही. नुसत्या मुलाखती म्हणजे संशोधन नव्हे." आता मी ना इकडची ना तिकडची. विषय बदलून समाजशास्त्राकडे जाऊ का? की रेकॉर्डिंग पुसून टाकून मुकाट्यानं आपलं काम करू?
एक वाचक, कराड

प्रिय मैत्रीण,

आधी एक गोष्ट कर. ती तेवीस रेकॉर्डिंग आजच दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेव. मोबाइल पडतो, हरवतो, पाण्यात जातो. पुसून टाकायचा विचार तर मनातूनच काढ. विषयही बदलू नकोस. आणि त्या मुलाखती आहेत तशा उचलून थीसिसमध्ये घालायचा हट्टही धरू नकोस. या तिन्ही गोष्टी मी एका दमात सांगितल्या, कारण तुझं पत्र वाचताना मला वाटलं की तू फार थकली आहेस आणि तुला आधी उत्तर हवं आहे, कारणं मागाहून चालतील. आता कारणं सांगते.

तुझे गाइड जे म्हणाले ते त्यांच्याच शास्त्राच्या इतिहासाशी जुळत नाही. भूकंपशास्त्र लोकांच्या सांगण्यावरच उभं राहिलं. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बन उद्ध्वस्त झालं, तेव्हा पोर्तुगालच्या मंत्र्यानं, पाँबालनं, गावोगावच्या धर्मगुरूंकडे प्रश्न पाठवले: हादरा किती वेळ टिकला, एका बाजूनं जास्त जाणवला का, किती माणसं गेली, समुद्र आधी मागं हटला की आधी चढून आला. ती उत्तरं आजही तिथल्या अभिलेखागारात आहेत आणि भूकंपाचे अभ्यासक आजही ती वापरतात. आपल्याकडे १२ जून १८९७ ला आसामात मोठा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅमनं त्याचा जो अहवाल लिहिला, त्यात दूरदूरहून आलेली पत्रं आहेत आणि जमिनीतून उसळून बाहेर पडलेल्या दगडांची वर्णनं आहेत. दगड उसळला याचा अर्थ हलणाऱ्या जमिनीचं त्वरण (वेग बदलण्याचा दर) गुरुत्वत्वरणाहून जास्त असणार, हा तर्क त्यानं त्या वर्णनांवरून केला.

हे सगळं जुनं झालं, असं गाइड म्हणतील. मग तीव्रतेची मोजपट्टी घे. मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंपाचा एकूण आकार, यंत्रावरून काढतात, हे तुला सांगायला नको. पण इंटेन्सिटी, म्हणजे एखाद्या जागी जाणवलेली तीव्रता, कशावरून ठरते? एमएसके काय, मर्केली काय, तीव्रतेच्या या दोन्ही मोजपट्ट्यांच्या पायऱ्या वाचून बघ. झोपलेली माणसं जागी झाली का, भांडी वाजली का, लोक घाबरून बाहेर धावले का, मातीच्या भिंती पडल्या की विटांच्याही. हे सगळे माणसांना विचारायचे प्रश्न आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचंच बघ. कोयना धरणाच्या आत बसवलेल्या यंत्रानं त्वरणाची नोंद केली, गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट. ती नोंद जगभरच्या धरण-अभियंत्यांनी अभ्यासली. पण ती एका जागेची नोंद. त्या पहाटे खोऱ्यात गावोगाव काय झालं, कुठं जास्त, कुठं कमी, हा नकाशा पडलेल्या भिंती बघत आणि माणसांना विचारत फिरल्यावरच तयार झाला.

आणखी एक गोष्ट आहे, तीही तुला ठाऊक असेल, फक्त या बाजूनं तू तिच्याकडे पाहिलेलं नसशील. कोयनेला भूकंपमापक यंत्रं बसली कधी? जलाशय भरू लागल्यावर, १९६२ पासून, हादरे जाणवत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या, त्यानंतर. आधी माणसांना कळलं, मग यंत्र आलं. ज्या गप्पा आज तुझ्या गाइडना नकोत, तसल्याच गप्पांमुळे तुझ्या थीसिसचा डेटा साठायला सुरुवात झाली. त्यांच्याशी बोलताना हे शांतपणे सांग. वाद म्हणून सांगू नकोस.

इथपर्यंत मी तुझ्या बाजूनं बोलले. आता मॅडमच्या बाजूनं बोलते, कारण त्याही चुकीचं बोलल्या नाहीत.

"धरणाआधी जमीन कधी हलली नव्हती." या एका वाक्यावर तू भाळली आहेस. का भाळलीस तेही मला दिसतं. १९६२ च्या आधी त्या खोऱ्यात यंत्र नव्हतं. सर्वांत जवळचं म्हणजे पुण्याच्या वेधशाळेतलं. कोयनेच्या डोंगरात एखादा बारीक हादरा बसला असता तर त्याची नोंद पुण्यात झालीच असती असं नाही. म्हणजे ज्या काळाबद्दल यंत्र गप्प आहे, त्या काळाबद्दल तुझी आजी बोलते आहे. प्रश्नही लहानसहान नाही. धरणाआधी तिथं भूकंप होतच नव्हते, की छोटे होत होते आणि कुणी मोजले नाहीत, यावर जलाशयाचा वाटा किती हे ठरवण्याचा बराच भाग अवलंबून आहे.

पण आजीचं हे वाक्य १९६१ सालचं नाही, आजचं आहे. मधल्या साठ वर्षांत तिनं काय काय ऐकलं असेल? ६.३ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. शास्त्रज्ञांनी लिहिलं की जलाशयानं चेतवलेल्या भूकंपांत जगात हा सर्वांत मोठा. वर्तमानपत्रांत आलं, शाळेच्या पुस्तकांत आलं, प्रकल्पग्रस्तांच्या मोर्चांत भाषणांतून आलं. ज्या माणसाचं घर धरणात गेलं, त्याला आपली जमीन आधी शांत होती असं आठवणं किती साहजिक आहे! हे खोटं बोलणं नव्हे. आठवण ही साठवलेली वस्तू नाही. दर वेळी सांगताना ती नव्यानं बांधली जाते, आणि बांधताना हाताशी असलेलं सगळं सामान वापरलं जातं, नंतर कानावर आलेलंसुद्धा. तेवीसपैकी जवळजवळ सगळ्यांनी एकच सांगितलं, यानं तुझा विश्वास वाढला. माझी शंका वाढली. तेवीस माणसं जेव्हा एकच वाक्य बोलतात, तेव्हा ते वाक्य कुठून तरी एकाच ठिकाणाहून आलेलं असण्याची शक्यता आधी तपासायला हवी.

ते ठिकाण तुझा प्रश्नही असू शकतो. मी शिकत असताना एका पुनर्वसित गावात विहिरींच्या पाण्याची चौकशी करायला गेले होते. चाळीस घरं फिरले. संध्याकाळी कागद लावायला बसले तेव्हा दिसलं, की जवळजवळ प्रत्येक उत्तरात एकच शब्द आहे, "मचूळ". मला आनंद झाला. मग दुसऱ्या दिवशी माझ्या मैत्रिणीनं माझं विचारणं नुसतं ऐकलं आणि म्हणाली, अगं, तूच तर विचारतेस, "इथलं पाणी मचूळ लागतं का?" त्या गावच्या लोकांचा पाण्यासाठी स्वतःचा वेगळा शब्द होता. तो त्यांनी मला एकदाही ऐकवला नव्हता, कारण मी त्यांना माझा शब्द देऊन टाकला होता. त्या चाळीस कागदांतलं एकही उत्तर मी नंतर वापरलं नाही. त्या दिवसाची बोच अजून आहे, म्हणून तुला विचारते: तू त्या तेवीस जणांना नेमकं काय विचारलंस? रेकॉर्डिंग ऐकताना त्यांची उत्तरं बाजूला ठेव आणि फक्त तुझे प्रश्न कागदावर उतरव. "धरणाआधी हादरे बसायचे का?" असं विचारलं असशील, तर धरण आणि हादरा ही जोडी तूच त्यांच्या हातात ठेवलीस.

मग या मुलाखतींचं करायचं काय? इथं मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. गोव्यातल्या कोसबेंत जन्मलेला हा माणूस गणिती. १९४४ साली त्यांनी आनुवंशशास्त्रात गुणसूत्रावरच्या जनुकांमधली अंतरं काढण्याचं जे सूत्र दिलं, ते आजही त्यांच्याच नावानं वापरात आहे. त्यांना प्राचीन भारताच्या इतिहासात शिरायचं होतं. ते नुसती मतं घेऊन शिरले नाहीत. तराजू घेऊन शिरले. तक्षशिलेला सापडलेल्या पुरलेल्या साठ्यांमधली आहत नाणी (ठसे मारलेली जुनी नाणी) त्यांनी एकेक करून वजन केली. नाणं जितकं जास्त फिरतं तितकं झिजतं. तेव्हा सरासरी वजन किती घटलं यावरून कुठलं नाणं किती काळ चलनात होतं, याचा क्रम लावता येतो. इतिहासकारांकडे नाणी होती, गणित्यांकडे संख्याशास्त्र होतं. दोन्ही एका टेबलावर आणायला तराजू घेऊन बसण्याची तयारी लागली, आणि ती कोसंबींकडे होती.

तुझ्या हातातला तराजू कुठला? तुझ्याकडे कोयनेच्या भूकंपांची तारीखवार यादी आहे. कुठल्याही समाजशास्त्रज्ञाकडे ती अशी बोटांवर नाही. साठ वर्षांतला कुठला हादरा किती वाजता, किती मोठा, कुठल्या गावाखाली, हे तुला माहीत आहे. आठवण किती टिकते, कुठं वाकते, कुठं पुसते, हे मोजायला इतकी चांगली पट्टी फार थोड्या ठिकाणी मिळते. यंत्राचं कॅलिब्रेशन करतेस ना, माहीत असलेल्या मापाशी ताडून, तसंच आठवणीचं कर.

उदाहरण देते. १३ सप्टेंबर १९६७ ला, मोठ्या भूकंपाच्या तीन महिने आधी, कोयनेला एक जोराचा हादरा बसला होता, पाचाच्या वरचा. तो त्या लोकांना आठवतो का? आपण होऊन आठवतो का? की डिसेंबरच्या पहाटेनं तो गिळून टाकला आणि आता दोन्ही मिळून एकच "मोठा भूकंप" उरला आहे? तसंच ऑक्टोबर १९७३, सप्टेंबर १९८०, डिसेंबर १९९३. पाचाच्या वरचा, घर हलवणारा हादरा ज्यांच्या आठवणीतून गेला, त्यांनी १९६१ च्या आधीचे बारीक हादरे "नव्हतेच" म्हणून सांगितलं, तर त्या "नव्हतेच"चं वजन किती धरायचं? आणि उलट, कुणी जर सप्टेंबरचा हादरा वेगळा काढून सांगितला, गणपतीचे दिवस होते, भात पोटरीत होतं, असा तपशील दिला, तर त्या माणसाच्या धरणाआधीच्या शांततेला मी कितीतरी जास्त मान देईन. पंचांगातून त्या वर्षीचे गणपतीचे दिवस ताडून बघ, म्हणजे तो तपशील खरा की नंतर चिकटलेला तेही कळेल.

हा तुझा प्रश्न. मॅडमना जो सापडला नाही, तो हाच: यंत्र नसलेल्या काळातल्या भूकंपांबद्दल माणसांच्या आठवणीवर किती आणि कुठपर्यंत विसंबावं? यात भूभौतिकीही आहे आणि समाजशास्त्रही आहे, आणि दोन्हींपैकी एकाला बाहेर काढलं तर प्रश्न उभाच राहत नाही. दोन विषय शेजारी ठेवले म्हणजे त्यांचा संगम होतो असं नाही. बरेचसे तथाकथित आंतरविद्याशाखीय प्रबंध मी वाचले आहेत. पहिली चार प्रकरणं मोजमापाची, पाचवं "सामाजिक पैलू" म्हणून जोडलेलं, आणि दोघांची एकमेकांशी ओळखही नाही. तसलं पाचवं प्रकरण तू लिहू नकोस.

पुन्हा विचारायला जाशील तेव्हा वर्ष विचारू नकोस. सन सांगता येत नाही म्हणून माणूस ओशाळतो आणि अंदाजानं काहीतरी ठोकून देतो. लग्न कधी झालं, थोरला कितवा होता, गावठाण सोडताना कुठलं पीक उभं होतं, तिथून सुरुवात कर. मग हळूच, "त्या काळात रात्री कधी दचकून जागं व्हायची वेळ आली का? कशानं?" एवढंच. वाघ सांगतील, पूर सांगतील, वीज पडलेली सांगतील, डोंगर घसरलेला सांगतील. सांगू दे. हादरा त्यात आपण होऊन आला तर आला. डिसेंबरच्या पहाटेबद्दल विचारताना मात्र अंगाजवळचे प्रश्न विचार: कुठं झोपला होता, शेजारी कोण होतं, भिंत कुडाची होती की दगडमातीची, कौलं आधी पडली की भिंत, गोठ्यातल्या जनावरांनी काय केलं. यातून तुला तीव्रतेची पायरी काढता येईल, आणि ती पायरी त्या गावाच्या जुन्या नोंदीशी जुळते का तेही बघता येईल.

माणसं निवडताना एक गोष्ट तुझ्या पथ्यावर पडणारी आहे. कोयनेचे विस्थापित सगळे एका ठिकाणी गेले नाहीत. काही काठावर वर सरकून राहिले, काही कोकणात उतरले, काही सोलापूर-सांगलीच्या सपाटीवर गेले. जे हादरे सुरू होण्याआधीच दूर गेले, त्यांना धरणाआधीचं खोरं आठवतं, पण नंतरचे हादरे अंगावर आले नाहीत. जे काठावर राहिले त्यांच्या अंगावर दोन्ही काळ आले. या दोन गटांची आठवण सारखी निघते की वेगळी, हे बघ. तुझी तेवीस माणसं पाटण-जावळीतली, म्हणजे बहुतेक एकाच गटातली.

शास्त्राचा एक शब्द गावात कसा पोचतो, तेही यात ये-जा करताना कानावर ठेव. तुम्ही लोक "ट्रिगर्ड" म्हणता. अर्थ असा, की त्या खडकातल्या भेगा आधीच ताणलेल्या होत्या. पाण्याचं वजन आणि खडकाच्या सूक्ष्म फटींतून खोल झिरपत गेलेला पाण्याचा दाब यांनी त्यांना शेवटचा धक्का दिला. दर पावसाळ्यात जलाशय भरतो, आणि त्यानंतर हादऱ्यांचं प्रमाण वाढतं, ते याच कारणानं. मराठीत याला "निमित्त" हा शब्द आहे, आणि "कारण" हा त्याहून वेगळा शब्द आहे. पण भिंत पडून माणूस गेलेल्या घरात हा फरक सांगताना तो फरक वेगळाच वाजतो. "धरण निमित्त होतं" हे वाक्य भूकंपशास्त्रात काटेकोर आहे. गावात ते हात झटकल्यासारखं ऐकू येतं. गाव "कारण" म्हणतं तेव्हा त्याला खडकातला ताण म्हणायचा नसतो, जबाबदारी म्हणायची असते. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली आला, त्याच्या कितीतरी आधी कोयनेचं खोरं उठलं होतं. ते सगळं त्या एका शब्दात भरलेलं असतं. मुलाखतीत लोक कुठला शब्द वापरतात ते जसंच्या तसं लिही, तुझ्या भाषेत उतरवू नकोस.

आता इरावती कर्वे. त्यांच्याबद्दल तुला सांगायचंच होतं, कारण त्या तुझ्या आधी या तळ्याकाठी येऊन गेल्या आहेत. १९२० च्या दशकाच्या अखेरीला त्या बर्लिनला पीएच.डी. करत होत्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशशास्त्राचं त्या काळचं मोठं नाव. काम होतं कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक मोजण्याचं, आणि त्या फरकाचा वंशाशी संबंध आहे का ते पाहण्याचं. तो संबंध निघावा, युरोपीय कवटी वेगळी ठरावी, ही अपेक्षा हवेतच होती. इरावतीबाईंनी मोजलं, आणि वंशाशी असा संबंध दिसत नाही, असं लिहिलं. मार्गदर्शकाच्या सिद्धांताविरुद्ध निष्कर्ष, तोही परक्या देशात, परक्या भाषेत. पुढं त्या पुण्यात डेक्कन कॉलेजात आल्या आणि आयुष्यभर माणसं मोजत आणि माणसांशी बोलत राहिल्या, दोन्ही. त्यांच्या अखेरच्या वर्षांतलं एक काम म्हणजे कोयना धरणानं उठवलेल्या लोकांचं सर्वेक्षण. जाई निंबकरांबरोबर केलेलं ते काम १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजनं छापलं. म्हणजे ज्या तळ्याखालच्या खडकांवर तू काम करतेस, त्याच तळ्यानं उठवलेल्या माणसांवर त्यांनी काम केलं, आणि तेही घाव ताजा असताना. ते पुस्तक मिळव. डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बस. तुझ्या मुलाखतींपेक्षा ते अर्ध्या शतकानं त्या दिवसांच्या जवळ आहे.

आता कामाचं. थीसिस आहे तोच राहू दे. सिनॉप्सिस मंजूर झालेला विषय तिसऱ्या वर्षी फिरवणं म्हणजे फेलोशिपची उरलेली वर्षं पाण्यात घालणं, आणि ज्या शास्त्रात तू तयार झाली आहेस त्यातच तुझं बळ आहे. समाजशास्त्राला एक आणखी शिकाऊ मुलगी मिळून फार काही मिळणार नाही. त्याला भूकंपांची यादी पाठ असलेली मुलगी मिळाली तर मिळेल. आठवणींचं काम वेगळा पेपर म्हणून कर. मॅडमना पुन्हा भेट. या वेळी एक पान लिहून ने: प्रश्न काय, कुणाला विचारणार, कशाशी ताडून बघणार. त्यांच्याबरोबर मिळून लिहायची तयारी दाखव. मुलाखत कशी घ्यावी, कशी उतरवावी, कशी वाचावी, हे त्यांचं शास्त्र आहे. तुला सिस्मोग्राम, म्हणजे भूकंपमापकाचा आलेख, वाचायला दोन वर्षं लागली, तसं तेही शिकावं लागतं, नुसता प्रेमळ स्वभाव पुरत नाही. आंतरविद्याशाखीय विषयाला सहमार्गदर्शक घेण्याची सोय असते, पण ते पाऊल गाइडच्या संमतीनंच उचल, आणि पेपर आकाराला आल्यावर.

परवानगीचं राहिलं. त्या तेवीस जणांना तू रेकॉर्डिंग कशासाठी वापरणार हे सांगितलं होतंस का? नसेल, तर संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे अर्ज कर, आणि पुन्हा त्यांच्या दारात जाऊन, नीट सांगून, संमती घे. कुणी नको म्हणालं तर ते रेकॉर्डिंग वापरू नकोस. या लोकांकडून आजवर खूप कागद भरून घेतले गेले आहेत. तूही आणखी एक कागद भरून नेणारी होऊ नकोस. पेपर इंग्रजीत छापून आला की त्याचा मराठी मजकूर घेऊन त्या गावांत जा, देवळात किंवा शाळेत वाचून दाखव, आणि कुणी "हे असं नव्हतं" म्हणालं तर तेही लिहून घे.

एका बाबतीत मात्र मी नेहमीच्या सल्ल्याच्या उलट सांगणार आहे. "आधी थीसिस संपव, मग बाकीचं" असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. तुला नाही सांगत. १९६२ साली जो वीस वर्षांचा होता, तो आज ऐंशीच्या पुढं आहे. तुझ्या यंत्रांच्या नोंदी पुढच्या वर्षीही असतील, दहा वर्षांनीही असतील. ही माणसं नसतील. लिखाण मागं राहू दे, विश्लेषण मागं राहू दे, पण दुसऱ्या फेरीच्या मुलाखती या हिवाळ्यातच उरक. आठवड्यातला एक दिवस गाइडकडून मागून घे. ते देतील असं वाटतं. ज्यानं तुला लहान हादऱ्यांवर काम करायला दिलं, त्याला नोंद बुडणं म्हणजे काय हे कळत असणार.

शेवटी आजीबद्दल. ती तुझी आजी आहे, तिचं गाव गेलं आहे, आणि तिचं म्हणणं खरं ठरावं असं तुला मनापासून वाटतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पेपरमध्ये पहिल्याच पानावर तसं लिही, की लेखिका धरणग्रस्त कुटुंबातली आहे. पण आजीची मुलाखत तू घेऊ नकोस. तुझ्यासमोर ती तुला हवं ते बोलेल, नातीला नाराज कोण करतं! मॅडमच्या एखाद्या विद्यार्थिनीला पाठव, जिला ती ओळखत नाही. तू स्वयंपाकघरातही थांबू नकोस, घराबाहेर जा. त्या मुलीला १३ सप्टेंबरचं काहीही आधी सांगू नकोस, फक्त प्रश्न दे.

आणि मग मला लिही, आजीला तो सप्टेंबर आठवतो का.

तुझी,
ताई